फुकट मागणाऱ्यांचं स्टूल

फोटोआत्याच्या स्टुडिओत एक तिपायी स्टूल आहे. त्याचा एक पाय जरासा आखूड, त्यामुळे बसणारा कधीच पुरता निर्धास्त होत नाही. पासपोर्टच्या फोटोसाठी पाठ असलेली वेगळी खुर्ची आहे. स्टूल फक्त फुकट मागणाऱ्यांसाठी.

आत्या ती खरं तर एकाच मुलीची, धाकट्या भावाच्या लेकीची. पण ती मुलगी लहानपणी शाळा सुटली की इथेच येऊन पडद्यांशी खेळत बसायची, आणि तिच्या हाका ऐकून ऐकून सगळी गल्ली ‘फोटोआत्या’ म्हणायला लागली. ओळखपत्रांचे फोटो, दुकानांच्या जाहिराती, कुणाच्या बाळाचा पहिला दात, यावर आत्याचं पोट चालतं. मन रमतं ते सकाळी, नदीकाठी.

अशाच एका सकाळी तिला तो फोटो मिळाला. धक्क्यावर एक बगळा एका पायावर उभा. हातभर अंतरावर रस्ता झाडणारे काका, झाडूवर रेललेले, बुटातला खडा काढायला एक पाय वर घेतलेला. दोघांच्या माना एकाच बाजूला कललेल्या आणि दोघांनाही एकमेकांची खबर नाही. बघणाऱ्याला आधी हसू येतं. मग, का कोण जाणे, तो जवळ जाऊन पुन्हा बघतो.

पहिली प्रिंट आत्याने काकांनाच नेऊन दिली. काकांनी ती लांब धरून पाहिली. “माझा पाय बगळ्यापेक्षा बरा दिसतोय,” म्हणाले. तिथेच ठरलं, हा फोटो कधी विकला गेला तर निम्मे काकांचे.

फोटो एका प्रदर्शनात लागला आणि फोन सुरू झाले.

“बजेट नाहीये हो, पण खाली तुमचं नाव छापू.”

“नाव आहे माझ्याकडे. आईवडिलांनी दिलंय.”

“तुमचं काम लोकांपर्यंत पोचेल, बाई!”

“पोचलं की. तुमच्यापर्यंत आलं ना?”

शाळेच्या मुलांना भित्तिपत्रकासाठी हवा असला तर आत्या हसत देई. गेलेल्या माणसाचा जुना फोटो मागायला आलेल्या घरच्यांकडून तर तिने कधी छदाम घेतला नाही. पण आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्यांना ती म्हणे, “या की एकदा स्टुडिओत.”

ते आले की स्टूल. “आता इथे बघून म्हणा, मला तुमचा फोटो फुकट हवाय.” कुणी घसा खाकरी, कुणी छताकडे बघे, एका बँकेच्या साहेबांनी तर डोळेच मिटून घेतले. तेवढ्यात आत्या बटण दाबी, प्रिंट काढी आणि त्यांच्या हातात ठेवी. “घ्या. फुकट फोटो मागितला होतात ना?”

बहुतेक जण हसत. काही जण आठवड्याने पैसे घेऊन परत येत.

मग एक दिवस भाची आली. जाहिरातीच्या ऑफिसात नुकतीच लागलेली, अजून कायम न झालेली. पर्स खांद्यावरून न उतरवताच ती म्हणाली, “आत्या, तू ओरडणार.”

“आधी सांग, मग ठरवते.”

“बुटांची जाहिरात आहे. आमच्या मॅडमना काही पसंतच पडत नव्हतं. मी तुझा बगळा दाखवला, तर सगळे खूश! आणि मी बोलून गेले...”

“काय बोललीस?”

“की माझी आत्याच आहे, घरचाच फोटो समजा. पैशाचं काही नाही.”

“वा! आयजीच्या जिवावर बायजी उदार.”

“पहिल्यांदाच मीटिंगमध्ये माझं कुणी ऐकलं गं. आता नाही म्हटलं तर मी तोंडावर पडेन. कदाचित नोकरीही...” वाक्य तिने तिथेच सोडलं.

आत्याने स्टुलाकडे बोट दाखवलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. ती कपाटाकडे वळली. बगळ्याची फाईल त्यातल्या डिस्कवर होती. या पोरीला तिने याच खोलीत वाढताना पाहिलं होतं, तिच्यापुढे कसला नियम? पण डिस्क हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

“माझे निम्मे मी सोडते,” ती हळू आवाजात म्हणाली. “काकांच्या निम्म्यांचं काय करू, तेवढं तू सांग.”

“कुठले काका?”

“ज्यांच्या बुटात खडा होता ते.”

भाचीने पर्स खाली ठेवली. स्वतःच जाऊन स्टुलावर बसली, आखूड पायाकडे कलंडली, सावरली. तोंड उघडलं, मिटलं. मग तिने फोन काढला.

“मॅडम, माझं चुकलं. तो फोटो मी परस्पर देऊन टाकायला नको होता. हो, आत्याच आहे. पण तिच्या कामाची किंमत लागेल. आणि त्यातल्या काकांचीही.”

“बघते,” एवढं बोलून मॅडमनी फोन ठेवला.

आत्याने चहा टाकला. दोघींनी तो गार होऊ दिला. खालच्या मजल्यावर शिंप्याचं मशीन थांबलं तरी दोघी दचकत होत्या.

फोन वाजला.

“अगं, एवढा सुतकी आवाज कशाला काढलास?” मॅडम म्हणाल्या. “फुकट मिळत असेल तर कोण सोडतं? पैसे ठेवलेत आपण. किती म्हणतात त्या?”

भाचीने आत्याकडे पाहिलं. आत्याने बोटं वर केली. भाचीने त्यात स्वतःचं एक बोट मिळवलं आणि आकडा सांगून टाकला. आत्याचे डोळे विस्फारले. पलीकडून “चालेल” ऐकू आलं, आणि भाचीच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते विझायच्या आत आत्याने कॅमेरा उचलला होता.

प्रिंट दोघींनी खिडकीशी नेऊन पाहिली. केस विस्कटलेले, एक बोट अजून हवेत, आणि नजर थेट.

“हा खाली दाराशी शोकेसमध्ये लावते,” आत्या म्हणाली. “गिऱ्हाईक वाढेल.”

“फुकट?”

“अगं, घरचाच फोटो...” आत्याने जीभ चावली.

भाचीने तिच्या हातातून कॅमेरा काढून घेतला आणि स्टुलाकडे मान वळवली. “बस. आणि इथे बघून म्हण.”

आत्या बसली. स्टूल कलंडलं. तिने घसा खाकरला.