पेडणेकर सरांचा पाट

पेडणेकर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते देवबागच्या किनाऱ्यावर. कुत्र्याला फिरवायला आणावं तसं दोरीला काहीतरी बांधून ते वाळूतून ओढत चालले होते. होड्यांजवळ बसलेल्या एकाने मला सांगितलं, "विज्ञानाचे मास्तर. चुंबकाक फिरवूक हाडल्यानी." दोरीच्या टोकाला जुन्या रेडिओच्या कर्ण्यातलं चुंबक होतं, आणि त्याला लोहकणांच्या काळ्या वाळूची दाढी आली होती. सर ती दाढी बोटांनी खरवडून पत्र्याच्या डब्यात भरत. पुढच्याच सोमवारी मी त्यांच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले, तेव्हा तो डबा प्रयोगशाळेच्या कपाटात दिसला.

सरांचं एक वाक्य शाळेतल्या भिंतींनासुद्धा पाठ असेल. "आदी करून बघ, मगे बोल." मुलांना, शिपायाला, मुख्याध्यापकांना, सगळ्यांना तेच. एकदा मी स्टाफरूममध्ये म्हटलं की नारळाचं पाणी उन्हात ठेवलं की आंबतं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर दोन पेले हजर. एक उन्हातला, एक सावलीतला. "चाखा बाई," म्हणाले. दोन्ही चाखून माझं पोट बिघडलं, ते वेगळं.

मुंबईतला त्यांचा एक माजी विद्यार्थी त्यांना जुनी इंग्रजी विज्ञान मासिकं पाठवायचा. त्यात सरांनी वाचलं की परदेशात कर्करोगाचं औषध आणि लोखंडाची भुकटी एकत्र करून डोळ्यांना न दिसणाऱ्या गोळ्या बनवतात. त्या उंदराच्या रक्तात सोडतात आणि शेपटीवरच्या गाठीजवळ चुंबक धरतात. औषध गाठीपाशी थांबतं, बाकीच्या शरीराला त्रास कमी. सर आठवडाभर दुसरं काही बोलत नव्हते. शेवटी आमच्या वाचनालयात त्यांचं व्याख्यान ठरलं.

दवाखान्यातून मागून आणलेली सलाइनची नळी, तिच्यातून वाहणारं पाणी आणि पाण्यात ती काळी वाळू. सरांनी नळीला बाहेरून चुंबक लावलं, आणि वाहती वाळू तिथेच गोळा झाली. पाणी मात्र पुढे जात राहिलं. "नळी म्हणजे रक्तवाहिनी," सर म्हणाले. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत सुमतीवहिनी होत्या, डोक्यावरून घट्ट पदर घेतलेल्या. माझ्या शेजारच्या किराणा दुकानाच्या आबांची ही बायको. छातीत गाठ निघाली होती, आणि मुंबईला जाऊन त्या इंजेक्शनं घेत होत्या. पदराखाली केस उरले नव्हते.

थोड्याच दिवसांनी आबा शाळेत आले आणि प्रयोगशाळेच्या दारातच उभे राहिले. "सर, येत्या शुक्रवारी मुंबयक जावचा आसा. ही ट्रंक भरूक तयार नाय. म्हणता, सरांनी सांगितल्यानी ती चुंबकाची सुई येयत, तेव्हाच इंजेक्शन घेयन."

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी नळी, डबा आणि चुंबक पिशवीत टाकलं आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही चला. वहिनी तुमच्याशी बोलतात."

वहिनी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होत्या. मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "सुई हातात दितत आणि आग लागता सगळ्या आंगाक. केसांनी काय पाप केल्यानी?" मी शेजारी बसून खडे वेचू लागले.

सरांनी बादली मागितली आणि तोच प्रयोग पुन्हा केला. वाळू चुंबकापाशी थांबली. वहिनींचा चेहरा उजळला. "तांच तर मी सांगतंय."

"वैनी, तो पाट द्या," सर म्हणाले. भिंतीला फणसाच्या लाकडाचा जाड पाट टेकलेला होता. सरांनी तो नळी आणि चुंबक यांच्यामध्ये उभा धरला आणि वाळू सोडली. वाळू क्षणभरही थांबली नाही, सरळ बादलीत गेली. त्यांनी पुन्हा सोडली. पुन्हा गेली.

"उंदराची शेपटी बारीक," सर खाली बघत म्हणाले. "माणसाचा आंग ह्या पाटासारखा जाड, चुंबक लांब पडता. माणसात ह्या अजून जमूक नाय. पाट मी त्याच दिवशी घालूक व्हयो होतो. टाळ्यो पडल्यो आणि मी थांबलंय."

"मगे कदी येतली ती सुई?"

"म्हायत नाय. आपण आसू तेव्हा येयत की नाय, तांवय म्हायत नाय. पण गाठ वाट बघूची नाय, वैनी."

 वहिनींनी ओला पाट सरांच्या हातातून घेतला, पदराने पुसला, भिंतीला टेकवला. पदर डोक्यावरून सरकला होता, तो त्यांनी सावरला नाही. "ट्रंक काढा खाटेखालची," त्या आबांना म्हणाल्या. आपलं आवडतं स्वप्न दुसऱ्यासमोर स्वतःच्या हाताने मोडणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला, आणि सरांबद्दल मला फार माया वाटली.

वहिनींनी सगळी इंजेक्शनं घेतली. केस परत आले, ते कुरळे, आणि त्यांचं त्यांना भारी कौतुक. सर दरवर्षी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तो प्रयोग मांडत, आणि वहिनी न चुकता घरचा पाट घेऊन येत. सर आधी वाळू थांबवून दाखवत, मग पाट घालून वाहू देत, आणि म्हणत, "आपण हयपर्यंत पोचलो आसो. फुडे जावचा आसा."

निवृत्तीनंतर वर्षभरातच सर गेले, झोपेत. त्या साली प्रयोग नव्या शिक्षकाने मांडला. तरुण आणि हुशार. नळीतली वाळू चुंबकापाशी थांबली, पालकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो हसून पुढच्या टेबलाकडे वळला.

बायकांमधून वहिनी उठल्या. कुरळ्या केसांत माळलेला अबोलीचा वळेसर, काखेत फणसाचा पाट. टेबलावर पाट ठेवून शांतपणे म्हणाल्या, "बाळा, थांब. पाट घालूचो रवलो."