इम्तियाजने पुढे केलेला खजूर

मंडळी, संध्याकाळपासून मला माझीच लाज वाटतेय.

शारजातल्या आमच्या हॉकी क्लबच्या बी टीमची आज सीझनमधली शेवटची मॅच होती. त्यातून दोघांना ए टीममध्ये घ्यायचं होतं आणि निवडणारा मी. रात्रीचं ग्राउंड मिळेना, म्हणून ऐन रमजानात दुपारी साडेचारची मॅच मीच ठेवली.

दापोलीचा इम्तियाज पहिल्या हाफमध्ये सुंदर खेळला. दुसऱ्यात त्याचे पाय जड झाले.

मॅच संपल्यावर मी त्याला म्हणालो, "स्टॅमिना कमी पडतोय तुझा. पुढच्या सीझनला बघू."

"ठीक आहे, दादा," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात सूर्य मावळला आणि रोजा सोडायची, मगरिबची अजान झाली. त्याने डबा उघडून पहिला खजूर माझ्यापुढे धरला. "घ्या दादा, तुम्ही पण दुपारपासून उभे आहात."

हाफटाइमला मी गाडीत खाली वाकून अर्धी बाटली पाणी प्यायलो होतो. त्याचा रोजा आहे हे मला तेव्हाही माहीत होतं.

उद्या फोन करून "ये ए टीममध्ये" म्हणालो, तर त्याला ती खजुराची परतफेड वाटेल. मग काय बोलू, तुम्हीच सांगा.