जिवलीची तहकूब

आमच्या ग्रामपंचायतीत माझ्या आठवणीत एकही ग्रामसभा धड झालेली नाही, आणि तरीही सगळे ठराव मंजूर आहेत. ही किमया समजून घ्यायची तर जिवली माहीत हवी.

जिवली टेपवाडीची. शहापूरहून मुरबाडकडे जाताना आमचं कोळवड लागतं, आणि कोळवडच्या मागे, ओहोळापलीकडच्या टेकडीवर टेपवाडी. घरं विखुरलेली, एकाच्या चुलीचा धूर दुसऱ्याला दिसेल तर शपथ. निवडणुकीत मात्र ही वाडी गावापासून हाकेच्या अंतरावर येते. निकाल लागला की पुन्हा डोंगरावर जाऊन बसते. माझं किराणा दुकान ग्रामपंचायतीच्या समोरच असल्यामुळे हा सगळा तमाशा मी गल्ल्यावर बसून फुकटात पाहत आलो आहे.

ग्रामसभेचा आमचा रिवाज असा. दवंडी होते, खुर्च्या मांडल्या जातात, सरपंच किशोर कडक इस्त्रीत येतो. नियमाइतकी माणसं काही जमत नाहीत. कशी जमतील? निम्मं गाव आसनगावला लोकल पकडायला गेलेलं, उरलेलं शेतात. मग ग्रामसेवक उभे राहून सांगतात, "गणपूर्तीअभावी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब." हे ऐकलं की सगळ्यांचे चेहरे खुलतात, कारण तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला माणसांची अट नाही. तो अर्धा तास उपसरपंचाच्या आंबराईत मटणाबरोबर उन्हं कलेपर्यंत लांबतो, आणि मग ढेकरांच्या साक्षीने गावाचा विकास मंजूर होतो.

टेपवाडीला ह्या कायद्याची काही गंधवार्ता नव्हती. त्यांच्या कानावर वर्षानुवर्षं तो एकच शब्द पडत होता, आणि त्यांनी त्याचा आपला सरळ अर्थ लावला होता. तहकूब हीच खरी सभा. ग्रामसभा म्हणजे तिच्याआधीची खुर्च्यांची मांडामांड. जिवली करवंदांची पाटी घेऊन दुकानाशी थांबायची आणि विचारायची, "शेट, आज तहकूब हाय ना?" मी हसून मान डोलवायचो.

तिचं मागणं एकच होतं. तिचा नवरा मंगळ्या ऐन श्रावणात गेला. टेपवाडीच्या मसणवटीला छप्पर नाही. वाडीतल्या बाप्यांनी बांबूंवर पत्रे तोलून चितेवर आडोसा धरला, हात भरून आले की दुसऱ्यांनी धरला, तरी पाऊस पुन्हा पुन्हा चिता विझवत राहिला. "मानूस अर्धा रायला माजा," असं ती सांगायची, आणि मला उगाच पाठ फिरवून फळीवरचे डबे हलवावे लागायचे. तिला त्या जागी चार खांब आणि वर पत्रा हवा होता, एवढंच. विषय सभेपुढे होताही, दरवर्षी, अगदी शेवटचा. पण मटणानंतर शेवटच्या विषयापर्यंत जागं राहणार कोण? 'वेळेअभावी पुढील सभेत' असं म्हणून सगळे उठायचे. भिंतीशी बसलेली जिवलीही उठायची.

मागच्या वर्षी मे महिन्यातल्या सभेत पहिला विषय होता गावाच्या स्वागत कमानीचा. सभा रिवाजाप्रमाणे तहकूब झाली आणि किशोर, उपसरपंच, सगळी मंडळी जीपमधून शहापूरला गेली. 'सुस्वागतम' सोनेरी शोभेल की लाल, हे पाहायला. परतताना आंबराई होतीच. ग्रामसेवक तेवढे मागे राहिले. ते नवे होते आणि मटण खात नव्हते. ते डबा उघडून बसले, तोच जिवली वाडीतल्या बायांना घेऊन आत आली.

"भाऊसाहेब, तहकूब कवा चालू करताव?"

"सरपंच येऊ देत."

"अर्धा तास बोललाव ना तुमी? तो कवाच सरला. आमाला उजेडात ओहोळ उतराचा हाय."

"सरपंच, उपसरपंच नसले तर हजर लोकांनी आपल्यातला अध्यक्ष निवडायचा असतो," भाऊसाहेब घास चावता चावता म्हणाले. नियम सांगायचा म्हणून सांगितला बिचाऱ्यांनी.

"मंग आमी हजरच हाव की," त्या बायांतली भागीरथी म्हणाली. "जिवले, बस गो वर."

जिवली सरपंचाच्या गादीच्या खुर्चीत बसली. भाऊसाहेबांचा घास हातातच राहिला. तिने फर्मान काढलं, "शेवटचा इषय पैला घ्या. आमाला तेवढाच ठावा हाय." बायांचे हात वर गेले. स्मशानशेड मंजूर.

"आणि कमान?" भाऊसाहेबांनी घाम पुसत विचारलं.

जिवलीने क्षणभर विचार केला. मग वर्षानुवर्षं ऐकून पाठ झालेलं वाक्य तिने जसंच्या तसं म्हटलं, "वेळेअभावी पुढील सभेत."

किशोर परतला तेव्हा त्याचा आवाज पार माझ्या दुकानात येत होता. "ही कसली सभा? रद्द करा आधी!"

"करू ना," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. "पण मग अशाच झालेल्या सगळ्याच रद्द कराव्या लागतील. तुमच्या दारापुढचा रस्तासुद्धा."

किशोरने खिडकीतून त्या रस्त्याकडे पाहिलं आणि तो खाली बसला.

शेड उभी राहिली. पण किशोर शेवटी किशोरच. शेडवर स्वतःच्या नावाची पाटी लावून तो फीत, नारळ आणि फोटोवाला घेऊन टेपवाडीला आला. फीत बांधली आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की हिचं उद्घाटन करायचं म्हणजे आधी कोणीतरी आत जायचं. किशोरने मोठ्या मानाने कात्री उपसरपंचापुढे धरली. उपसरपंच दोन पावलं मागे सरकला. म्हणाला, "सरपंच, मान तुमचा."

जिवलीला हसू आवरेना. "गप रावा रे. तिचं उद्घाटन मीच करन. पर घाई नाय. तवर तहकूब."

ह्या श्रावणात तिने ते केलं. पाऊस नुसता कोसळत होता, ओहोळ कमरेच्या वर. दुकान बंद ठेवून मीही गेलो होतो. किशोर आला होता, इस्त्रीचे कपडे भिजवत बाहेर उभा होता. पत्रा कोणालाच धरावा लागला नाही. वर पाऊस वाजत राहिला आणि खाली चिता शेवटपर्यंत जळाली. मला रडू आलं, आणि ह्या वेळी हलवायला डबेही नव्हते.

आच निवत आली तेव्हा भागीरथी म्हणाली, "पुरी गेली गो बाय."