घोड्यांमागचा उमेदवार

लायल नेस्टेगार्डच्या निवडणुकीच्या पाट्यांवर साल कधीच नसायचं. साल घातलं की पाटी एकदाच वापरता येते, असा त्याचा हिशेब. पहिल्या खेपेला त्याच्या बायकोने, मार्लिसने, गोठ्याच्या दारात बसून सगळ्या पाट्या निळ्या रंगात रंगवल्या होत्या. मजकूर एवढाच: ‘नेस्टेगार्ड, काँग्रेससाठी.’ काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, आमची वॉशिंग्टनची संसद. दर दोन वर्षांनी पाट्या बाहेर निघायच्या, लायल पडायचा, पाट्या परत गोठ्यात जायच्या. दरवेळी थोड्या कमी होऊन जायच्या, कारण त्यांच्या तारांचा टोमॅटोला फार छान आधार होतो. आमच्या टोल्व्हिकमध्ये निम्म्या परसांतले टोमॅटो लायलच्या प्रचारावर चढलेले असत. पाट्या नाहीशा झाल्या म्हणजे आपली हवा आहे, असं त्याला वाटायचं. भोळा सांब हो नुसता!

तसा तो गुरांचा डॉक्टर. वडिलांच्या गाई कर्जापायी विकल्या गेल्या तेव्हा लायल शाळेत होता. तेव्हाच त्याने ठरवलं की आपल्या गाई नाहीत तर नाहीत, दुसऱ्यांच्या सांभाळू. सेंट पॉल शहरात जाऊन शिकला, परत आला, आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं खांद्यापर्यंत हात गाईंच्या पोटात घालून जगला. थंडीत पापण्यांवर बर्फ धरतो अशा पहाटेही तो यायचा. बिल मात्र कधी वेळेवर पाठवायचा नाही, आणि आलंच तर वाचता यायचं नाही.

राजकारणात तो पडला एका बाळंतपणामुळे. जिल्ह्याच्या रुग्णालयाने बाळंतपणाचा विभाग बंद केला, का तर परवडत नाही. त्याच हिवाळ्यात हार्लन ऑफ्टेडालची सून नव्वद मैलांवरच्या दवाखान्यात जायला निघाली आणि वादळात रस्त्यातच अडकली. मागून लायलची गाडी आली. पोर गाडीच्या मागच्या सीटवर झालं, आणि लायलने त्याला वासरं पुसायच्या टॉवेलात गुंडाळलं. टॉवेल धुतलेला होता, हे मार्लिस आजही सांगते. दुसऱ्या दिवशी लायलने आमचे काँग्रेसमन रँडी कॅल्होर्न यांच्या कार्यालयात फोन लावला. तिकडून ध्वनिमुद्रित आवाज आला की तुमचं मत आम्हाला मोलाचं आहे. लायलने फोन ठेवला आणि म्हणाला, "मोलाचं काय? मग घ्याच!"

त्याच्या पक्षाला या मतदारसंघात उमेदवारच मिळत नसे. कुणीतरी आपण होऊन उभं राहतंय म्हटल्यावर त्यांनी त्याला आधी कॉफी पाजली, मग घाईघाईने सही घेतली, म्हणजे विचार बदलायला नको.

भाषणं त्याची छोटी. "टोल्व्हिकच्या गाईला बाळंतपणाला डॉक्टर मिळतो, टोल्व्हिकच्या बाईला मिळत नाही. हे आधी बदलू." हा पहिला मुद्दा. दुसरा असा की शेतकऱ्याला स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः दुरुस्त करायचा हक्क हवा, कंपनीच्या माणसाची वाट बघत सोयाबीन शेतात सडायला नको. तिसरा, टपाल कचेरी शनिवारी उघडी हवी. बाकी परराष्ट्र धोरण वगैरे विचारलं की म्हणायचा, "वाचतोय. पुढच्या आठवड्यात विचार."

चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीत त्याची जागा ठरलेली, घोड्यांच्या मागे. कॅल्होर्नसाहेब पुढे, चकचकीत गाडीत, दात दाखवत, पोरांना गोळ्या उधळत. मिरवणूक समितीच्या आर्डिसबाई म्हणायच्या, "लायल, तुला जनावरांची सवय आहे ना, म्हणून." आर्डिसबाईंचं चौकात कॅफे आहे, त्यांच्याशी वैर कोण घेणार? दुसऱ्या वर्षी लायल फावडं आणि ढकलगाडी घेऊनच आला. घोडे टाकत गेले, हा उचलत गेला, आणि दोन्ही बाजूंना ओरडत गेला, "वॉशिंग्टनमध्येही हेच करीन!" लोक पोट धरून हसले. टाळ्या इतक्या पडल्या की कॅल्होर्नसाहेबांनी गाडीतून दोनदा मागे वळून पाहिलं. आणि नोव्हेंबरात लायल आपटलाच.

पडायचं त्याला काही वाटत नसे. मतदारसंघ अफाट, कॅल्होर्नचा पैसा अफाट. पण टोल्व्हिक? जेमतेम अडीचशे मतांचं गाव. ज्यांच्या गाई सोडवल्या, ज्यांची कुत्री शिवली, त्या गावातही तो चारही वेळा हरला होता. शेजारच्या दोन-तीन गावांत आघाडी घेतली, पण पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ना, तसं. हे त्याच्या जिव्हारी लागलेलं. "मार्लिस, मला वॉशिंग्टन नको," तो एकदा भांडी पुसता पुसता म्हणाला, "मला फक्त टोल्व्हिक दे. एकदाच. म्हणजे मी सुखाने मरेन."

"मरायच्या आधी तेवढं कढईचं बूड नीट पूस," मार्लिस म्हणाली.

गावाने त्याला कारण सांगायला हवं होतं की नाही? पण आमची माणसं म्हणजे काय सांगावं! नॉर्वेहून पणजोबा आले तेव्हा बोटीत बटाट्यांना जागा केली आणि गोड शब्द बंदरावर ठेवून आले. लग्न असो, पीक असो, पहिलं नातवंड असो, तोंडातून निघणार एकच: "वाईट नाही." कुणाला तोंडावर ‘तू आम्हाला हवा आहेस’ म्हणणं म्हणजे चर्चमध्ये शर्ट काढण्यासारखं. तेव्हा लायलला चार पराभवांत कुणी अवाक्षर सांगितलं नाही.

ते फुटलं हार्लनच्या गोठ्यात. फेब्रुवारी महिना, पहिलारू कालवड अडलेली, वासरू उलटं. लायल पेंढ्यावर आडवा, हात आत, गाल कालवडीच्या मांडीला टेकलेला. हार्लन कंदिलासारखा दिवा धरून उभा, तोंडाने कालवडीला चुचकारत. कॅफेत सगळ्यांत तिखट जीभ त्याची, पण ही कालवड त्याची लाडकी.

"जाईल का रे ही, डॉक्टर?"

"गप्प बस. दिवा खाली घे." थोड्या वेळाने लायल म्हणाला, "हार्लन, एक विचारू? मला मत का देत नाहीस?"

"आता? आता विचारतोस हे?"

"माझा हात अडकलाय. दुसरं काय करू?"

"अरे, म्हणूनच तर देत नाही!" हार्लन ओरडला. "तू वॉशिंग्टनला टाय लावून बसलास तर इथे कोण हात घालील? कॅल्होर्न? त्या माणसाला गाईचं पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं ते दाखवावं लागेल! सगळं गाव त्याच भीतीने कॅल्होर्नला मत देतं, मूर्खा. ओढ आता!"

वासरू आलं, जिवंत. कालवडही वाचली. हार्लनने नाक पुसलं आणि म्हणाला, "वाईट नाही." आणि मग, आपण काय बोलून गेलो ते कळून, दिव्यापेक्षा लाल झाला.

दुसरा एखादा असता तर हे ऐकून गहिवरला असता आणि पाट्या जाळून मोकळा झाला असता. लायल घरी आला तो युक्ती घेऊन. त्याच्या भावाची मुलगी ब्रिटा गुरांची डॉक्टर होऊन शहरात मांजरांची नखं कापत बसली होती. तिला फोन गेला. "ब्रिटा, खऱ्या जनावरांत ये."

"काका, पगार किती?"

"पगार आहे. थंडीही आहे."

ती आली. लायलने तिला गोठ्यागोठ्यातून फिरवलं, नव्या सुनेसारखं. पोरगी हुशार, हात बारीक पण मनगट लोखंडी. पहिल्या घंटीला फोन उचलायची, बिल छापील द्यायची, जनावराशी आणि म्हातारीशी सारख्याच मायेने बोलायची. मिरवणुकीत लायल घोड्यांमागे फावडं घेऊन, आणि शेजारी ब्रिटा, पाठीवर मोठ्या अक्षरांत: ‘मी इथेच राहणार आहे.’ प्रचार म्हणावा तर एवढाच. मार्लिस रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसली होती, छातीवर नवऱ्याचा बिल्ला. ती मात्र टाळ्या वाजवताना कुणाला दिसली नाही. हातात लेमोनेड होतं म्हणे.

पाचवी निवडणूक. मतमोजणी गावच्या सभागृहात झाली, आणि कारकूनबाईने आकडा दारावर चिकटवला. मतदारसंघात कॅल्होर्न नेहमीसारखा धो धो मतांनी निवडून आला, ते रेडिओवर सांगतच होते. पण टोल्व्हिक! लायलला दोनशे अकरा, कॅल्होर्नला एकतीस. लायलने आकडा तीनदा वाचला, चष्मा पुसून एकदा वाचला. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो घरी आला तो शीळ घालत, आणि इतका गाढ झोपला की कुत्रं भुंकलेलंही त्याला कळलं नाही.

सकाळी कॅफेत गेला छाती काढून. आर्डिसबाईंनी कॉफी ओतली, दालचिनीचा रोल पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "आज माझ्याकडून." हे इतिहासात प्रथमच.

"काय मग, डॉक्टर," हार्लन म्हणाला, "दिलं की नाही गावाने?"

"दिलं रे बाबा, दिलं."

"ब्रिटा आली ना, मग काय अडचण! काल रात्री माझी गाय अडली. आली, सोडवली, हात धुतले, गेली. तुझ्यापेक्षा निम्म्या वेळात. तू आता वॉशिंग्टनला जा, नाहीतर चंद्रावर जा!"

टेबलावरचे सगळे हसले. लायलही हसला. पण रोल त्याच्या तोंडात फिरत राहिला. काल हार्लनची गाय अडली होती, कुत्रं भुंकलं असेल, गोठ्यात दिवे लागले असतील, आणि आपल्याला कुणी हाक मारली नाही. आपल्या स्वयंपाकघरातला फोन गेले कित्येक आठवडे वाजलेला नाही, हेही त्याला आत्ता आठवलं. गरज सरो, वैद्य मरो! दोनशे अकरा माणसं आपल्याला गावाबाहेर काढायला उत्साहाने घराबाहेर पडली होती, काही तर काठी टेकत.

मग तो उलट्याच मोहिमेवर निघाला. ते एकतीस कोण? ज्यांना आपण अजून इथे हवे आहोत ते कोण? दिवसभर गाव पालथं घातलं. चर्चच्या पास्टरना विचारलं, ते म्हणाले, "मत तुलाच, लायल!" लायलचा चेहरा पडला. टपालवाल्याला विचारलं, तोही तुलाच म्हणाला. म्हाताऱ्या सिगव्हर्टची कुत्री लायलने तीनदा मरणातून ओढून आणली होती. त्याने शपथेवर सांगितलं, "तुलाच दिलं, देवाशप्पथ!" लायल त्याच्यावर खेकसला, "दिलंस ते दिलंस, वर ओरडून काय सांगतोस?"  गावची मतं जिंकलेला माणूस मत देणाऱ्यांवर चिडतोय, हे म्हाताऱ्याच्या नव्वद वर्षांत प्रथमच घडत होतं.

संध्याकाळी मार्लिसने ओव्हनमधून काढलेला बटाटा-वाटाण्याचा हॉटडिश टेबलावर ठेवला. लायल काट्याने तो नुसता उकरत बसला.

"टोल्व्हिक मिळालं ना? मग तोंड का असं?"

"काही नाही."

"लायल."

"कुणाला नकोय मी इथे," तो म्हणाला. "एकतीस माणसं आहेत म्हणे. एक सापडत नाही."

मार्लिसने त्याच्या ताटात आणखी एक मोठा डाव वाढला. मग शांतपणे म्हणाली, "बाकीच्या तिसांचं मला माहीत नाही."

त्याला कळायला क्षण लागला. "तू?"

"हो."

"तू मला मत दिलं नाहीस?"

"नाही."

"आणि त्याच्या आधी?"

"कधीच नाही. पाचही वेळा कॅल्होर्न. हात धुऊन टाकते घरी आल्यावर."

"अगं, पाट्या तू रंगवल्यास! बिल्ला लावून माझ्याबरोबर गाडीत बसून आलीस मत द्यायला!"

"मग? तुझं नाव रस्त्याकडेला वाचायला मला आवडतं. म्हणून काय तुला पाठवून देऊ?" तिने हातातला डाव खाली ठेवला. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, आणि आमच्याकडच्या बायकांना हे बोलायचा सराव नाही, त्यामुळे ती मिठाच्या बाटलीकडे बघून बोलली. "मला तू या टेबलावर हवा होतास. गुरं गेली खड्ड्यात. ब्रिटा असो नसो, मला तू हवास. झालं? जेव आता, गार होतंय."

 लायलने काटा भरला, खाल्ला आणि डोळे बाहीला पुसले.

"वाईट नाही," तो म्हणाला.

"वाटाणे जास्त झालेत."

"वाईट नाही गं." मग खाली मान घालून, "दोन वर्षांनी परत उभा राहू का?"

"राहा की खुशाल," मार्लिस म्हणाली. "मी आहे ना तुला पाडायला."