राखण्याच्या पायावरचे सतरा दगड

सांगलीहून सकाळच्या एसटीत बसले, तेव्हा माझ्या पिशवीत एक वही, दोन पेन्सिली, एक मापाची फीत आणि एकतीस वर्षं सहावीला इतिहास शिकवल्याचा तोरा, एवढं सामान होतं. नाईल, तैग्रिस, युफ्रेटिस, सिंधू या नद्या मी शेकडो वेळा फळ्यावर काढल्या, त्यांच्या काठी राज्यं उभी केली, देवळं बांधली आणि तास संपताना डस्टरने पुसून टाकली. प्रत्यक्ष मात्र त्यातली एकही पाहिली नव्हती. निवृत्तीनंतर इजिप्तला जायचं घाटत होतं, पण गुडघ्यांनी नकार दिला. मग धाकट्या जावेकडून कळलं, की रत्नागिरीच्या सड्यांवर (सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार) माणसानं हजारो वर्षांपूर्वी चित्रं कोरून ठेवली आहेत. एका घाटापलीकडे! मला आनंद व्हायच्या आधी रागच आला. एवढी जवळची गोष्ट मला ठाऊक नव्हती, याचा.

आंबा घाट उतरताना धुकं होतं, खाली आल्यावर भातकापणी चाललेली. मांडवीला समुद्राजवळ खोली घेतली आणि खानावळीत बांगड्याचं तिखलं (लाल मिरचीचं दाट कालवण) तांदळाच्या भाकरीबरोबर जेवले. तिखट मला सोसत नाही, हे कबूल करायला मी तयार नव्हते. वाढणाऱ्या बाईंनी न विचारताच सोलकढीची वाटी पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी मुकुंद नावाच्या रिक्षावाल्याला दिवसभरासाठी ठरवलं. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. पाटी लावलेली कातळशिल्पं मी आधी पाहून घेतली, पण तिथे एक सहल आली होती आणि मला सहलींचा वीट आलेला आहे. तेव्हा मुकुंद म्हणाला, की मिरजोळ्याच्या पलीकडे, त्याच्या चुलतबहिणीच्या गावच्या सड्यावर एक चित्र आहे, तिथे पाटीही नाही आणि माणूसही नाही. मी लगेच रिक्षात बसले.

ही चुलतबहीण म्हणजे सुनंदा. पंचेचाळिशीची, कष्टानं वाळलेली, हातात हिरव्या बांगड्या. कापणी सोडून ती आमच्याबरोबर वर आली. सडा सपाट होता, गवत पिवळं पडायला लागलं होतं आणि लांब समुद्राची एक रेघ दिसत होती. कातळावर एक पाकट मासा होता, दोन पक्षी होते आणि मधोमध आडवा पसरलेला माणूस, माझ्या दुपटीहून लांब. गाव त्याला राखण्या म्हणतं (राखणारा, या अर्थानं). नदी नाही, धान्याची कोठारं नाहीत, राजा नाही. माझ्या पुस्तकाप्रमाणे इथे काही घडायलाच नको होतं. मी वाकून त्याच्या खांद्याच्या खोबणीत बोट ठेवलं आणि कोपरापर्यंत ती गिरवत नेली.

पण गुडघ्यांच्या खाली त्याच्यावर दगडांचा ढीग होता. कुणी नुसते आणून टाकावेत तसे, लिंबाएवढे, नारळाएवढे. पावलं दिसतच नव्हती. पावलं कुठल्या बाजूला वळलेली आहेत, ते मला वहीत काढायचं होतं.

सुनंदा म्हणाली, "बाई, बघा, मापं घ्या, पण पायावरचे दगड राहूंदेत हां. ते हलवत नाय आम्ही."

का, असं मी विचारलं नाही. एकतीस वर्षं मुलांना 'का ते विचारा' म्हणून सांगणारी मी! उलट वहीत लिहिलं, 'स्थानिकांचं अज्ञान, चित्रावर दगड टाकतात.' इतक्यात खालून कुणीतरी सुनंदाला हाक मारली, गुरं कापलेल्या भातात शिरली होती. ती गेली. मुकुंद रिक्षात डोळे मिटून बसला होता. मी बसकण मारली आणि एकेक दगड उचलून डावीउजवीकडे गवतात टाकायला लागले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

शेवटचे दोन-तीन दगड राहिले होते, तेव्हा ती परत आली. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि गवतात हात घालून दगड गोळा करायला लागली. मी म्हणत होते, अहो, पाचच मिनिटं थांबा. आणि मग गवतातून खरखर ऐकू आली, सुपात तांदूळ घोळवावेत तशी. सुनंदानं उजवा हात झटकन मागे घेतला. अंगठ्याखाली रक्ताचे दोन ठिपके होते.

"फुरसं," ती हळूच म्हणाली.

फुरसं म्हणजे वीतभर दिसणारा, मातीच्या रंगाचा साप. चावलं की रक्त गोठायचं थांबतं, एवढं मला वाचून ठाऊक होतं. मी ओढणी काढून तिच्या दंडाला बांधायला गेले, तर धावत आलेल्या मुकुंदानं माझा हात धरला. बांधायचं नसतं, बांधल्यानं हात जातो, एवढंच तो म्हणाला. रिक्षा त्यानं सरळ कातळावरून हाणली. मी सुनंदाचा उजवा हात माझ्या मांडीवर स्थिर धरून ठेवला होता. डावी मूठ तिनं पोटाशी घट्ट आवळली होती, मला वाटलं वेदनेनं.

रस्त्यात तिनंच सांगितलं. गावातून जो बाहेर जातो, मुंबईला, सुरतेला, जहाजावर, तो निघताना राखण्याच्या पायावर एक दगड ठेवतो. परत आला की त्यातला एक उचलून सड्यावर टाकतो.

"सतरा हायत," ती म्हणाली. "सतराजण यायचेत अजून. माझा दादा हाय त्यात."

तिचा दादा खलाशी म्हणून गेला, त्याला बरीच वर्षं झाली होती. सुरुवातीला त्याची पत्रं यायची. हे सांगताना तिच्या हिरड्यांतून रक्त आलं आणि मुकुंदानं आरशात बघून तिला गप्प राहायला सांगितलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर माझ्या विद्यार्थिनी शोभाव्यात एवढ्या तरुण होत्या. त्यांनी सुनंदाचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी उभी करून ठेवली. वीस मिनिटं हलवायची नाही. गोठलं तर ठीक, नाही गोठलं तर विष भिनलंय. नर्सनं सुजत चाललेल्या हातातल्या बांगड्या कापल्या, सलाईन लावायला दुसरी मूठ सोडवली आणि सगळं एका पिशवीत बांधून माझ्याकडे दिलं. मी ती पर्समध्ये कोंबली.

आणि मग मी त्या नळीकडे बघत बसले. पस्तीस मिनिटांच्या तासात मी पाच हजार वर्षं उरकत असे. ही वीस मिनिटं संपेनात. सुनंदाचा नवरा शेतातून तसाच चिखलाच्या पायांनी आला. त्यानं मला काय झालं ते विचारलं, मी सांगितलं, माझ्यामुळे झालं असंही सांगितलं. तो माझ्याशेजारी बाकावर बसला आणि तोही नळीकडे बघायला लागला.

डॉक्टरांनी नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

इंजेक्शनं सुरू झाली. सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा पाणी, पुन्हा इंजेक्शनं. मला देवाचं फारसं काही वाटत नाही, तरी त्या दिवशी मी कुणाकुणाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी तिरपी केली, तेव्हा रक्त तळाशी घट्ट बसलेलं होतं. सुनंदाच्या नवऱ्यानं जोडलेले हात कपाळाला लावले आणि बाहेर जाऊन चहा घेऊन आला. एक कप माझ्यासाठीही होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझी परतीची एसटी होती. सकाळी मुकुंदाला घेऊन सड्यावर गेले, दोघांच्या पायांत गमबूट, हातांत काठ्या. आधी काठीनं गवत चाळवायचं, मग दगड उचलायचा. राखण्याची पावलं आता उघडी होती. साधी पावलं, बाहेरच्या बाजूला वळलेली. मी ती एकदा नीट पाहिली आणि झाकायला लागले.

सोळाच दगड सापडले. तासभर शोधलं, मिळेना. मुकुंद म्हणाला, सडाभर दगड पडलेत, ठेवा एक, कोणाला कळणार नाय. मी एक उचललाही. धर्म भीतीतून जन्मला, असं मी वर्गात सांगत आले. इथे तर कुणी परत यावं म्हणून दगड ठेवून वाट बघत होतं, आणि त्यात मी खोटा दगड घालणार होते. मी तो खाली टाकला.

दवाखान्यात सुनंदा बसती झाली होती. मी तिला सरळ सांगितलं, की एक दगड माझ्याकडून हरवला. सांगताना रडू आलं, ते लपवलं नाही. मग निदान बांगड्या तरी द्याव्यात म्हणून पर्समधली पिशवी सोडली. हिरव्या काचांच्या तुकड्यांत लिंबाएवढा एक जांभा दगड होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिची डावी मूठ मला तेव्हा उमगली.

"दादाचा?" मी विचारलं.

तिनं दगड फिरवून पाहिला. "कसं सांगू, बाई? हाताला लागला तो धरला. कोणाचा कुठला ते कोणालाच म्हायती नाय. म्हणून तर सगळे सांभाळायचे."

एसटी चुकली. मुकुंदाबरोबर पुन्हा सड्यावर जाऊन सतरावा दगड मी पायांवर ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं घाट चढले.

घरी येऊन वही उघडली. चित्र गुडघ्यांपर्यंतच आहे. पावलं मला आठवतात, पण मी ती काढली नाहीत. 'अज्ञान' हा शब्द खोडला नाही, फक्त 'स्थानिकांचं' खोडून 'माझं' केलं.

दिवाळीनंतर एका दुपारी फोन आला. सुनंदा होती. हाताची बोटं अजून पुरती वळत नाहीत, म्हणाली. मग म्हणाली, "बाई, सोळा झाले."

दादा आला का, मी विचारलं.

"नाय वो. खालच्या वाडीतला एक म्हातारा, सुरतेहून. माझ्या लग्नाच्या आधी गेलेला." मग पुन्हा म्हणाली, "पण सोळा झाले."

फोन ठेवल्यावर मी वही घेतली आणि राखण्याच्या गुडघ्यांखालच्या कोऱ्या जागेत सोळा दगड काढले.