टाकीच्या झाकणावरचा झेंडू

हे कुणालाही सांगायचं नाही, असं अण्णांनी मला बजावलंय. वर्गात हजेरी देताना माझा आवाज मास्तरांपर्यंत पोचत नाही, तेव्हा माझ्या तोंडून काही फुटेल असं त्यांच्या स्वप्नातही येणार नाही. पण चहा पुढ्यात आहे, तुम्ही जवळची माणसं आहात, आणि असला गाढवपणा एकटीनं किती दिवस सांभाळायचा?

अण्णा म्हणजे माझे वडील. लढाईत ते मिलिटरीच्या मोटारी चालवत. लढाई संपल्यावर त्यांनी मिलिटरीतलाच एक जुना डिझेलवरचा ट्रक घेतला आणि कऱ्हाडजवळ मलकापुरात आमच्या दारात आणून उभा केला. इंजिनातलं अण्णांना कळत नाही असं काही नाही, अशी सगळ्या गावाची समजूत होती. माझीसुद्धा.

नवरात्रात आईच्या पोटातल्या गाठीनं उचल खाल्ली. कऱ्हाडचे डॉक्टर म्हणाले, मिरजेला न्या, उशीर करू नका. आगगाडीच्या बाकावर तिला बसवलं नसतं. म्हणून दसऱ्याच्या सकाळी ट्रकमध्ये गादी घालून निघायचं ठरलं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. घरातली हत्यारं-अवजारं पुजायचा दिवस. विळे, कुऱ्हाड, नांगर, आणि यंदा गाडी! अण्णा म्हणाले, "शांते, गाडीची पूजा तू कर. तुजा हात नीटस हाय."

आता काय सांगू तुम्हाला, किती मन लावून केली मी ती पूजा! गाडीनं वाटेत दगा देऊ नये, आई सुखरूप पोचावी, एवढंच मनात. चाकांना हळदकुंकू, दिव्यांना गंध, आरशाला माळ. डिझेलच्या टाकीच्या झाकणावर मात्र फूल काही टिकेना. तेवढ्यात झाकणाच्या मधोमध एक दाभणाएवढं भोक दिसलं. बघा, माझी नजर किती बारीक! मला वाटलं, मिलिटरीतले लोक मोठे भाविक. फुलासाठी सोय करून ठेवलीय. झेंडूचा देठ त्यात खुपसला आणि हलू नये म्हणून भोवतीनं मेणबत्तीचं मेण ओतलं. फूल असं ताठ उभं राहिलं म्हणता!

दसऱ्याला निघालो. अण्णा गाडी चालवत होते, शेजारी बाळूकाका. मागे मी, आईचं डोकं मांडीवर घेऊन. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

कासेगावच्या पुढं गाडीनं दोन आचके दिले आणि बंद.

अण्णा उतरले. आईचं डोकं उशीवर टेकवून मीही उतरले. "कचरा आडकला आसंल." त्यांनी गाळणी धुतली. काकांनी झाकण काढून माझ्या हातात दिलं आणि काठी बुडवून तेल बघितलं. झाकण निघताना 'सूंऽऽ' असा आवाज झाला, कुणी उसासा टाकावा तसा. तेल भरपूर होतं. झाकण लावलं, हँडल मारलं, गाडी सुरू.

"बगितलंस? कचराच हुता," अण्णा म्हणाले.

इस्लामपूरच्या अलीकडं पुन्हा बंद! या वेळी अण्णांनी नळी सोडून तोंडानं फुंकली, तोंड डिझेलनं काळं करून घेतलं. पुन्हा झाकण, पुन्हा काठी, पुन्हा 'सूंऽऽ'. गाडी सुरू.

काका मला हळूच म्हणाले, "पूजंत कायतरी ऱ्हायलं बग. फूल हालतंय."

मी काय केलं असेल? पूजेच्या पिशवीतली मेणबत्ती पेटवली आणि आणखी मेण ओतलं. चांगलं जाड!

आष्ट्याजवळ तिसऱ्यांदा बंद पडली. नवे फेटे बांधलेली, हातात आपट्याच्या फांद्या घेतलेली माणसं भोवती जमली.

"मिलिटरीतली न्हवं ही? दसऱ्याची सुट्टी मागती जणू!"

"बैलं जुपू का, पावणं?"

अण्णा हसले नाहीत. त्यांनी इंजिनातली हवा काढली, तरी गाडी उठेना. तेवढ्यात आतून आईनं विचारलं, "आवं, आलं का मिरज?"

समोर नुसती ज्वारी उभी होती. अण्णा म्हणाले, "आलंच की," आणि पाठ फिरवून उभे राहिले. मग काकांना म्हणाले, "बाळू, डब्यातलं तेल वत. तरी न्हाई उठली, तर बैलगाडी बग."

बैलगाडीनं मिरज? आई तेवढा वेळ काढणार होती का? 

काकांनी झाकण काढून माझ्याकडं दिलं आणि तेलाचा डबा कलंडवला. त्याला एकच भोक पाडलेलं. तेल घळकन आलं, थांबलं, घळकन आलं, थांबलं.

अण्णा ओरडले, "आरं, दुसरं भोक पाड की! वारं आत गेल्याबिगार त्याल भाईर येतंय व्हय?"

मी हातातल्या झाकणाकडं बघितलं. मेण मधोमध खोल गेलं होतं, आतून कुणी ओढून धरल्यासारखं. आणि घरी रॉकेलच्या डब्याला दोन भोकं कोण पाडतं? मीच!

"अण्णा," मी म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. केसातला आकडा काढला आणि मेण खरवडायला लागले.

काकांनी माझा हात धरला. "आगं ए! आज दसरा! देवाचं फूल उपटतीस?"

"लेकराला वारं लागलं जणू," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा ओरडले. "गाडी मीच बंद पाडलीय!"

काकांनी हात सोडला. अण्णांनी झाकण घेतलं, फूल उपटलं, भोकात फुंकर मारली. माझ्याकडं बघितलं. बोलले एवढंच, "बाळू, हँडल मार."

त्यानंतर गाडी कुठं थांबली नाही.

दिवेलागणीला पोचलो. "सकाळी का नाही आणलं?" डॉक्टर अण्णांवर चिडले.

"गाडी बिगडली," अण्णा म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. आईला आत नेलं, दार लागलं. अण्णा नळाखाली हात धूत राहिले. तेलाचे डाग निघेनात. ते माझ्याशी बोलत नव्हते. आई गेली तर ते पुन्हा कधी बोलतील का, हेच मी त्या बंद दाराकडं बघत घोकत होते.

गाठ निघाली. आई वाचली. डॉक्टरांनी बजावलं, "टाके ओले आहेत. जड उचलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही."

तेव्हा कुठं अण्णांनी मला बाजूला घेतलं. "शांते, झेंडवाचं कुणाफुडं बोलू नगंस. तुज्या आईच्या कानावर गेलं तर टाकं ऱ्हात न्हाईत." मला वाटत होतं ते रागावलेत. ते तर हसू दाबायला गाल आतून चावत होते.

परवा आईला घरी आणलं. कूस बदलताना अजून कण्हते, जेवण जात नाही, नुसती आढ्याकडं बघत पडून असते. म्हणून मी शब्द न् शब्द हळू सांगितलाय. मधलं दारही लोटलंय, तेव्हा आईला यातलं अवाक्षरसुद्धा ऐकू जाण्याची—

"शांते! आत ये आदी! आगं, वरनं आणिक मेण वतलंस व्हय गं? आई गं... हसून माजं प्वाट! धर मला, धर!"