हरिदासच्या हिरड्या

झाडीपट्टीच्या नाटकात मेलेल्या पोराला मांडीवर घेऊन रडावं ते हरिदासनंच. इकडे पूर्व विदर्भात, वडशाच्या आमच्या नाटक कंपनीत मी पेटी वाजवतो, स्टेजवर बाप झालेले नट पुष्कळ पाहिलेत. हा बोलू लागला की मंडपातल्या बायांचे पदर डोळ्यांना लागायचे. आरमोरीकडचा शेतमजूर, शाळा जेमतेम, पण शब्द कसा नाण्यासारखा खणखणीत! तोंड हेच त्याचं भांडवल, आणि त्याच तोंडाची त्यानं माती केली.

आमच्याकडे नटाचा मान हारानं होत नाही, खर्र्यानं होतो. कंपनीची गाडी गावात शिरली की सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून ताजा खर्रा हातावर ठेवतात. नको म्हटलं तर नट माजला, असं गावभर होतं. हरिदासनं जन्मात कुणाला नको म्हटलं नाही.

हिरड्यांतून रक्त येऊ लागलं तेव्हा त्यानं दात घासणंच सोडलं. "घासलं का रगत येते, नानाजीभाऊ. मंग काऊन घासू?" मग हिरडी ठणकू लागली, तर दुखतं तिथंच खर्रा दाबून ठेवायचा, कारण जागा बधिर होते! तोंडाला असा वास सुटला की नाटकातली त्याची बायको उर्वशी संवाद म्हणताना मान वळवू लागली.

एका दिवाळीच्या तोंडावर गाल सुजला, ताप भरला, हिरडी दाबली की पू. घरधनीण रंजीतानं त्याला ओढत ब्रह्मपुरीला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मीही सोबत होतो. बाईंनी पू काढला आणि स्पष्ट सांगितलं, "दात किडलेले नाहीत हो तुमचे. हिरडीखाली घाण साचून दगड झालाय आणि तिथला जंतुसंसर्ग खालचं हाड खातोय. गेलेलं हाड परत येत नाही." गोळ्या पूर्ण घ्यायच्या, आतून सफाई करायला पुन्हा यायचं, साखर तपासायची, खर्रा बंद. आणि मऊ ब्रशनं सकाळ-रात्र घासायचं. "रक्त येतं म्हणून थांबायचं नाही. घाण निघाली की रक्तही थांबेल. आता लक्ष दिलंत तर बरेच दात वाचतील."

गोळ्यांनी सूज उतरली आणि तिथंच घात झाला. "मले बरं वाटून राह्यलं ना," म्हणत त्यानं उरलेल्या गोळ्या तशाच ठेवल्या. नाटकांचा सीझन सुरू झाला. रंजीता भांडली, तर कंपनीचे मालक गुणवंतराव म्हणाले, "सीझन होऊ दे बाई, दात काई पळून नाई चालले."

पळालेच ते. एकेक हलला, एकेक काढावा लागला. मला अजून संताप येतो. पायात काटा मोडला तर आमची माणसं दवाखाना गाठतील, पण हिरडीतून पू वाहिला तर वर आणखी खर्रा! दाताचं दुखणं म्हणजे दुखणंच नाही, असं मानणारा आख्खा मुलूख आहे हा.

मग कवळी आली. पण ती बसायला खाली हाड हवं ना! नेमकी विलापाच्या प्रवेशात, "माझ्या लेकरा" म्हणताना कवळी निसटली आणि मेलेल्या पोराच्या छातीवर पडली. मंडप हसून लोळला. ज्या बाया रडायच्या, त्याच पोट धरून हसत होत्या. हरिदासनं कवळी उचलली, तोंडात बसवली आणि पुढचं वाक्य म्हटलं.

आता याला काढतात, असं आम्ही धरून चाललो होतो. मालक मात्र खूश. "हरिदास, उद्याही पाडजो. पब्लिकले आवडलं."

तेव्हापासून तो रोज पाडतो. नाटक जोरात चाललंय, गावोगाव मागणी आहे. मी पेटीवर विलापाचे सूर धरतो, तर मालक विंगेतून हात हलवतात, वाजवू नको, हसू दे.

परवा रंग पुसता पुसता हरिदासनं मला विचारलं, "नानाजीभाऊ, आज विलाप कसा झाला जी?"

त्या हशात मला त्याचा एक शब्द ऐकू आला नव्हता.

"चांगला झाला," मी म्हणालो.